मुलाखतीची तारीख

फाळणी म्हटली की पंजाब आठवतो. माणसांनी खच्चून भरलेल्या गाड्या, निर्वासितांचे तांडे, लाहोर-अमृतसरचे जळते मोहल्ले. आपल्या वऱ्हाडात यांतले काही घडले नाही. बुलढाणा जिल्हा सरहद्दीपासून शेकडो मैल लांब. इथून तांडे निघाले नाहीत. एका मोहल्ल्यातून दोन माणसे गेली, दुसऱ्यातून एक कुटुंब गेले, आणि तेही बहुधा रात्रीच्या गाडीने, फारसे कुणाला न सांगता. गेलेल्यांची घरे तशीच उभी राहिली, कारण त्यांत भाऊ-बहिणी राहतच होत्या. त्यामुळे आमच्याकडच्या फाळणीला रक्ताचा वास नाही, शाईचा आहे. ती आली परवान्याच्या रूपाने, मग पासपोर्टच्या, मग व्हिसाच्या अर्जाच्या. आणि शेवटी एका तारखेच्या रूपाने, जी आमच्या घरांत नुसती 'तारीख' म्हणूनच ओळखली जाई. कराचीच्या नातलगाला मुलाखतीची तारीख मिळाली का, एवढाच तिचा अर्थ.

हा लेख त्या तारखेच्या इतिहासाविषयी आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत, आणि मोहल्ल्यात शिक्षक म्हणजे अर्ज भरून देणारा माणूस. असे अर्ज वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. परवाना देणारी खिडकी १९४८ पासून आजवर एका जागी राहिलेलीच नाही. ती दर दहा-वीस वर्षांनी भेटू पाहणाऱ्या माणसापासून थोडी आणखी दूर सरकली. राजकारणाच्या इतिहासात युद्धे आणि करार येतात. नात्यांच्या इतिहासात मात्र ही खिडकी किती लांब आहे, यालाच अधिक महत्त्व आहे.

आधी कोण गेले आणि का गेले ते पाहू. १९४७ साली बुलढाणा हा 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांताचा जिल्हा होता. राजधानी नागपूर. कागदोपत्री वऱ्हाडावर निजामाचा हक्क अजून शिल्लक होता, म्हणूनच त्यांच्या वारसाला १९३६ पासून 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होती. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडचे लोक जालन्याला सोयरिकी करत, मलकापूर-जळगाव जामोदकडचे बुऱ्हाणपूरला. पाकिस्तानशी भौगोलिक संबंध असा कुणाचा नव्हता. पण फाळणीच्या वेळी सरकारी नोकरांना भारत की पाकिस्तान असा पर्याय विचारण्यात आला. तो अंतिम देता येई, किंवा सहा महिन्यांत फेरविचार करण्याच्या अटीवर तात्पुरता देता येई. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो आणि भुसावळचे मोठे रेल्वे ठाणे मलकापूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. रेल्वेत आणि तार-टपाल खात्यात आपली माणसे होती. त्यांतल्या काहींनी पाकिस्तान लिहून दिले. काही जण नोकरीच्या आशेने मागाहून गेले. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर सीमेपलीकडच्या गावांत जे घडले, ते ऐकून आणखी काही गेले.

ही मंडळी कराचीत एकमेकांना धरून राहिली. तिथे आजही 'सी. पी. अँड बेरार को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' या नावाची वस्ती आहे. इकडे १९५० साली त्या प्रांताचे नाव बदलले, १९५६ साली विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. 'सी. पी. अँड बेरार' हे नाव आमच्याकडे जुन्या खरेदीखतांवर तेवढे सापडते. कराचीत मात्र रिक्षावाले ते रोज घेतात.

सुरुवातीला जाणे-येणे मोकळे होते, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. १४ ऑगस्ट १९४७ नंतरही जवळजवळ वर्षभर दोन्ही देशांमध्ये ना परवाना होता ना पासपोर्ट. मुंबईहून आगबोटीने कराचीला जाता येई, जोधपूरवरून मुनाबाव-खोखरापारच्या रेल्वेने सिंधमध्ये उतरता येई. लोक तिकडे नोकरी पाहून परत येत, ईद इकडे करत. पुष्कळांना आपण देश सोडला आहे असे वाटतच नव्हते. मुंबई सोडून कोलकात्याला कामाला जावे, तसे ते गेले होते.

हे थांबले १९ जुलै १९४८ रोजी. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना भारताने परवाना सक्तीचा केला. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या वर्षीच्या वसंत ऋतूपासून तिकडे गेलेले मुसलमान परतू लागले होते, आणि त्यांच्या रिकाम्या घरांत पंजाब-सिंधमधून आलेले हिंदू-शीख निर्वासित राहत होते. घर एक आणि दावेदार दोन, दोघेही पोळलेले. सरकारने येणाऱ्यांचा ओघ अडवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्ताननेही आपली परवाना पद्धत सुरू केली. म्हणजे दिल्लीच्या घरांच्या टंचाईवर काढलेला उपाय मलकापूरच्या माणसालाही लागू झाला. त्याच्या घरात कुणी निर्वासित नव्हता. त्याची आई होती.

परवाने एकाच प्रकारचे नव्हते. तात्पुरत्या भेटीचा वेगळा, वारंवार ये-जा करण्याचा वेगळा, कायमचे परत येऊन वसण्याचा वेगळा. वरवर पाहता ही कार्यालयीन वर्गवारी. पण तिच्यावर माणसाचे नागरिकत्व टांगलेले होते. संविधानाच्या ७ व्या कलमात म्हटले आहे की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर जो परत आला त्याला हे लागू नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या सवलतीवर कडाक्याचा वाद झाला. ती काढून टाका, असे म्हणणारे सभासद होते. पंडित नेहरूंनी तिची बाजू घेतली आणि ती राहिली. नागरिकत्वाची ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली. म्हणजे तुम्ही कोणत्या देशाचे, हे तुमच्या हातातल्या चिठ्ठीच्या प्रकारावरून ठरू लागले.

आमच्या वालिदांचे थोरले मामू भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी पाकिस्तान लिहून दिले आणि धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या घरात पुढे 'कराचीचे मामूजान' म्हणून ओळखल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला, शिक्षणासाठी सोबत नेले. १९४९ साली आई आजारी पडली तेव्हा थोरले मामू तात्पुरत्या भेटीच्या परवान्यावर आले. आई बरी झाली. घरच्यांनी राहून जा म्हटले, त्यांनाही राहायचे होते असे म्हणतात. पण हातातला कागद भेटीचा होता. तो घेऊन ते परत गेले. कायमच्या परतीचा परवाना मागायचा तर आधी कराचीला जाऊन तिथल्या भारतीय उच्चायुक्तांच्या कचेरीत मागावा लागणार होता. ते गेले, अर्ज केला की नाही हे आता कुणाला ठाऊक नाही.

खिडकी तेव्हा कराचीत होती, एवढे मात्र लक्षात ठेवावे. कराची ही पाकिस्तानची राजधानी, त्यामुळे भारताची कचेरीही तिथेच. वऱ्हाडी माणूस घरून निघून पायी तिथे पोहोचू शकत होता.

परवान्याशिवाय आलेल्यांना, ते भारताचे नागरिक असले तरी, हद्दपार करता येईल अशी तरतूद १९४९ च्या कायद्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९५४ साली मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात रद्द केली. नागरिकाला त्याच्याच देशातून बाहेर घालवता येत नाही, कारण देशात कुठेही फिरण्या-राहण्याचा हक्क त्याला संविधानानेच दिला आहे, असा निकाल झाला. पण तोवर परवाना पद्धतच संपली होती. १५ ऑक्टोबर १९५२ पासून तिच्या जागी पासपोर्ट आणि व्हिसा आला. पाकिस्तानने त्यासाठी आग्रह धरला होता. भारतीयांसाठी फक्त पाकिस्तानला जाण्यापुरते 'भारत-पाकिस्तान पासपोर्ट' निघाले. जगातल्या इतर देशांना जायला एक पासपोर्ट आणि बहिणीकडे जायला दुसरा.

पासपोर्ट आला आणि 'नंतर बघू' म्हणून राहिलेल्यांची सोय संपली. तोवर माणूस दोन्हीकडचा राहू शकत होता. आता कुठले तरी एक पुस्तक खिशात घेतल्याशिवाय गाडीत बसता येईना. आईला भेटायची घाई असे, पाकिस्तानी पासपोर्ट लवकर मिळे, तो घेऊन माणूस येई. येताना तो मुलगा म्हणून येई आणि दारातून आत येईपर्यंत परदेशी झालेला असे. १९५६ च्या नागरिकत्व नियमांत दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानला गेला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम वैध ठरवला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका जोडप्याचा खटला त्या न्यायालयापुढे आला होता. हे पती-पत्नी संविधान लागू झाल्यानंतर तिकडे गेले, १९५६ साली पाकिस्तानी पासपोर्ट आणि व्हिसावर आपल्याच गावी आले आणि मुदत संपली तरी राहिले. न्यायालयाने म्हटले की २६ जानेवारी १९५० नंतरच्या जाण्याला ७ वे कलम लागत नाही, त्यांचे नागरिकत्व गेले की राहिले हे केंद्र सरकारने चौकशी करून ठरवावे. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला बारकाव्यांसाठी वाचावासा वाटेल. आम्हाला त्यात एक नवरा-बायको दिसतात, ज्यांनी व्हिसाची मुदत संपल्यावरही आपले घर सोडले नाही.

१९६५ च्या युद्धाने खोखरापारची रेल्वे बंद केली. ती ४१ वर्षे बंद राहिली. टपाल बंद पडले. तिकडे गेलेल्यांच्या इथल्या हिश्श्यांवर शत्रू मालमत्ता म्हणून सरकारी ताबा सुरू झाला आणि १९६८ साली त्याचा कायदा झाला. एकत्र घर असलेल्या कुटुंबांत याची जी धास्ती बसली तिच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. कराचीच्या भावाचे पत्र येणे हीच जोखीम वाटू लागली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर अशा मालमत्तेवर इथल्या भारतीय वारसालाही हक्क सांगता येत नाही. व्हिसाच्या अर्जावर प्रायोजक म्हणून सही करताना कित्येकांचा हात का थबकतो, ते यावरून कळेल. मग १९७१ चे युद्ध झाले आणि उरलेसुरले संबंधही तुटले. काही घरांत लंडनच्या किंवा आखातातल्या नातलगामार्फत पत्रे फिरत. पत्रात मजकूर थोडाच असे. कोण गेले, कोण जन्मले, कुणाचा निकाह झाला.

१९७२ साली सिमला करार झाला आणि १४ सप्टेंबर १९७४ रोजी इस्लामाबादेत व्हिसाचा करार. पुढची चाळीसेक वर्षे आपल्या लोकांच्या भेटी याच कराराने चालल्या, म्हणून त्याची रीत सांगितली पाहिजे. भेटीचा व्हिसा देशाचा मिळत नसे, गावांचा मिळे. अर्जात गावांची नावे लिहायची, साधारणपणे तीन. व्हिसावर असतील तेवढ्याच गावी जायचे. आल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांत नोंद करायची, निघतानाही करायची. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत जायचे.

ही गावांची भानगड बाहेरच्यांना कळत नाही. मलकापूर महाराष्ट्रात किती आहेत? एक आपले, एक कोल्हापूर जिल्ह्यात, एक कऱ्हाडजवळ, आणि अकोल्याला लागूनही एक. म्हणून अर्जात जिल्हा लिहिल्याशिवाय चालत नसे, आणि जिल्हा लिहिला तरी कराचीच्या माणसाच्या कागदांवर जन्मस्थान 'बेरार' एवढेच असे. नावांचीही तीच गत. 'शेख' हा शब्द उर्दूत एकाच रीतीने लिहितात. इंग्रजीत मात्र इकडच्या रेशनकार्डावर 'एस-एच-ए-आय' आणि तिकडच्या पासपोर्टवर 'एस-एच-ई-आय'. सख्खे भाऊ-बहीण कागदावर वेगवेगळ्या घराण्यांतले दिसू लागत. त्यात नात्याच्या रकान्यात एकच शब्द बसायचा. आपल्याकडे चाचा वेगळा, मामू वेगळा, फुफा वेगळा, खालू वेगळा. अर्जात चौघेही 'अंकल'. खिडकीवरचा माणूस विचारतो, कोणते अंकल? आणि म्हातारा माणूस त्याला आपल्या आजोबांपासून वंशावळ सांगू लागतो.

पोलीस नोंदीचे म्हणाल तर मलकापूरला उतरलेल्या पाहुण्याने मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला पोलीस अधीक्षक कार्यालयात जायचे. पाहुणा सत्तरीचा असो की दमेकरी, प्रवासाचा शीण उतरायच्या आत हा घाट चुकत नसे. तिथले शिपाई बहुतेक चांगले वागत, चहाही पाजत, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले आहे. नियम शिपायाने केलेला नव्हता.

२२ जुलै १९७६ रोजी अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली. पुढे कराचीत भारताचे वाणिज्य दूतावास पुन्हा उघडले. वऱ्हाडातून कराचीला गेलेल्यांसाठी खिडकी परत त्यांच्या शहरात आली. मुंबईतही पाकिस्तानचे वाणिज्य दूतावास होते. मलकापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. संध्याकाळी बसावे, सकाळी उतरावे, भेंडीबाजारात कुणा ओळखीच्याकडे तोंड धुवावे आणि रांगेत लागावे. लोक इतक्या सहज जात असत. आमच्या घरातले मामूजान १९८९ साली याच दिवसांत आले होते. त्यांनी मलकापूरच्या बाजारातून बहिणीला हिरव्या बांगड्या घेतल्या, हे आमच्या जन्माआधीचे वर्णन आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्या बांगड्या आम्ही पाहिल्या आहेत असेच वाटते.

१९९४ साली दोन्ही वाणिज्य दूतावासे बंद झाली. वर्तमानपत्रांत ती राजनैतिक बातमी होती. मुंबईच्या बाबतीत मलबार हिलवरच्या जिनांच्या बंगल्याचा वादही तिच्यात गुंतलेला होता. आमच्या दृष्टीने मात्र १९४८, १९५२, १९६५ यांच्या रांगेत १९९४ हे साल बसते, कदाचित त्यांच्याही पुढे. कारण त्या साली खिडकी एकदम हजार-दीड हजार किलोमीटर सरकली. इकडच्याला दिल्ली गाठणे आले. तिकडच्याला कराचीहून इस्लामाबाद, म्हणजे सुमारे चौदाशे किलोमीटर. कराची ते मुंबई अंतर त्याहून कमी आहे. भारताच्या व्हिसासाठी कराचीचा माणूस भारताकडे पाठ करून उत्तरेला निघे. २००५ साली दोन्ही दूतावासे पुन्हा उघडण्याचे ठरले होते. ती उघडली नाहीत.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी खोखरापारची वाट थार एक्स्प्रेसच्या रूपाने पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या घरात मिठाई वाटली गेली. मामूजानांची थोरली बहीण, वालिदांच्या खाला, आम्ही त्यांना बडी अम्मा म्हणत असू. त्यांच्या नातीचे लग्न ठरले होते आणि त्या हटून बसल्या होत्या की माझा भाऊ आल्याशिवाय निकाह होणार नाही. आमच्याकडे लग्ने कापूस विकून हातात पैसा आला की होतात. दिवाळीनंतर, रमजान सोडून, परीक्षांच्या आत. त्या वर्षी हा सगळा हिशोब बाजूला राहिला. निकाहची तारीख इस्लामाबादच्या तारखेवर ठरायची होती.

वालिद प्रायोजक झाले. प्रायोजकपत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का लागतो. त्यासाठी त्यांच्या चार चकरा झाल्या. घराची करपावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. वालिदांचे शिक्षण उर्दूत झालेले, तेव्हा मराठी अर्ज आमच्याच अक्षरात. कागद कुरिअरने कराचीला पोहोचायला दोन आठवडे लागले. मामूजान त्र्याहत्तर वर्षांचे. ते मुलाला घेऊन रेल्वेने इस्लामाबादला गेले. अर्ज दिला, तारीख मिळाली, ती दोन महिन्यांनंतरची. परत कराचीला गेले, पुन्हा आले. मुलीकडच्यांनी निकाह एकदा पुढे ढकलला, मग मुलाकडच्यांनी. व्याह्यांनी कुरकुर केली ती वेगळीच. त्यांच्या घराण्यात कुणी तिकडे गेलेले नव्हते, त्यामुळे एका म्हाताऱ्यासाठी वरात का अडावी हे त्यांना उमगेना.

मुलाखत चार मिनिटे चालली, असे मामूजान नंतर सांगत. कोणाकडे जाणार? बहिणीकडे. शेवटचे केव्हा भेटलात? १९८९. पाकिस्तानात केव्हा आलात? लहान होतो, भावाबरोबर आलो. का आलात? या प्रश्नावर ते म्हणाले, "बेटा, मला कुणी विचारले नव्हते." विचारणारा तरुण अधिकारी हसला नाही, पुढचे काही विचारलेही नाही. व्हिसा मिळाला. गावे तीन: मलकापूर, बुऱ्हाणपूर, मुंबई.

पण ते थार एक्स्प्रेसने जोधपूरला उतरून सुरतमार्गे भुसावळपर्यंत येईतो बडी अम्मांना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांना अकोल्याला दवाखान्यात हलवले होते. मलकापूरहून अकोला रेल्वेने दोन तासही लागत नाहीत. व्हिसावर अकोला नव्हते. गाव वाढवून मिळावे म्हणून अर्ज करता येतो, तसा केलाही, त्याला वेळ लागणार होता. शेजारी म्हणत, जाऊन या, कोण पाहतो आहे. घरातल्या मोठ्यांनी ते मानले नाही. पाकिस्तानी पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाला परवानगीशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात नेणे म्हणजे काय, हे त्यांना समजत होते. मामूजान नऊ दिवस मलकापुरात बसून राहिले, बहिणीच्या पलंगासमोरच्या खुर्चीवर. पलंग रिकामा. दहाव्या दिवशी बडी अम्मांच्या मुलांनी डॉक्टरांच्या मर्जीविरुद्ध सही करून त्यांना गाडीत घालून घरी आणले. त्यांना बोलता येत नव्हते. उजवा हात हलत नव्हता. डाव्या हाताने त्यांनी भावाची दाढी चाचपडली. निकाह त्याच आठवड्यात घरच्या घरी झाला, वीस-पंचवीस माणसांत. मामूजान परत गेल्यावर चौथ्या महिन्यात त्या वारल्या.

अकोला घालून दिले असते तर काही बिघडले असते का, असा प्रश्न वाचक विचारतील. नियमाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. ३ डिसेंबर १९७१ पासून पुढचा काळ, १९९३ चे मुंबईतले स्फोट, १३ डिसेंबर २००१ चा संसदेवरील हल्ला आणि २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्या देशाने येणाऱ्याची चौकशी करू नये असे कोण म्हणेल? त्या स्फोटांत आपलीही माणसे मेली. फेब्रुवारी २००७ मध्ये पानिपतजवळ समझौता एक्स्प्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ माणसे गेली, त्यांत बहुतेक असेच नातलगांना भेटून परतणारे होते. चौकशी जरूर असावी. आमचे म्हणणे एवढेच की नऊ दिवस खुर्चीवर बसून राहिलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला ओळखता येईल, इतके डोळे त्या चौकशीला असावेत. २६ नोव्हेंबरला आलेल्यांपैकी कुणी व्हिसाच्या रांगेत उभा राहिला नव्हता.

आणि डोळे आले होते, थोड्या काळासाठी. ८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबादेत नवा व्हिसा करार झाला. तीन गावांची पाच झाली. पासष्टच्या पुढच्यांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना पोलीस नोंदीतून सूट मिळाली. पासष्टच्या पुढच्या माणसाने अटारीला पायी यावे आणि तिथेच ४५ दिवसांचा व्हिसा घ्यावा, अशीही तरतूद झाली. इस्लामाबादची फेरी नको आणि मुलाखतीची तारीखही नको. ही सवलत १५ जानेवारी २०१३ ला सुरू व्हायची होती. त्याच सुमारास काश्मीरमध्ये ताबारेषेवर जवानांची हत्या झाली आणि नेमक्या त्या दिवशी ती स्थगित केल्याची बातमी आली. आम्ही तेव्हा बी.एड.ला होतो. मामूजान एकोणऐंशीचे होते आणि त्यांनी वाघ्यापर्यंतच्या गाडीची चौकशी करून ठेवली होती. त्यांना बहिणीची कबर पाहायची होती. ते पुन्हा आले नाहीत.

पुढचा इतिहास अलीकडचा आहे, वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता आणि थार, दोन्ही गाड्या पाकिस्तानने बंद केल्या. उच्चायुक्त परत गेले. जून २०२० मध्ये दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसे निम्म्यावर आणली गेली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाली आणि त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केले. दीर्घ मुदतीचे आणि राजनैतिक तेवढे वगळले. अटारीचे दार बंद झाले, कचेरीतली माणसे तिसावर आली, ३ मे रोजी टपालही थांबले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा जाऊन त्याच्या जागी नवा कायदा आला. पोलीस नोंदीची ज्यांची अर्धी हयात गेली त्या म्हाताऱ्यांना आता जुना कायदा तोंडपाठ आहे आणि तो रद्द झाला आहे.

मग लोक भेटतात कुठे? आपल्या वाचकांना उत्तर माहीत आहे. मक्केत आणि मदिनेत. मलकापूरचा माणूस उमऱ्याचा व्हिसा काढतो, कराचीचा माणूसही काढतो, आणि दोघे हरमच्या एखाद्या दाराचा क्रमांक ठरवून घेतात. हा प्रकार आजचा नाही. १९६५ नंतरच्या मुक्या वर्षांतही हज करून आलेले लोक जमजमबरोबर तिकडचे निरोप आणत. आता फोनवर चेहरे दिसतात, तेव्हा निरोपांची गरज राहिली नाही. पण चेहरा दिसणे म्हणजे भेटणे नव्हे, हे आपल्या आया-बहिणी आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

मामूजानांचा मुलगा, जो वडिलांना दोनदा इस्लामाबादला घेऊन गेला होता, आता स्वतः साठीला आला आहे. त्याची आणि वालिदांची बोलणी चालू आहेत. खामगावच्या टूरवाल्याचा गट रमजानच्या आधी निघतो, कराचीचा गट त्यानंतर सहा दिवसांनी पोहोचतो. दोन्ही गट मदिनेत एकाच वेळी असतील असे चार दिवस निघतात. टूरवाल्याने विचारले, मुक्काम वाढवू का? वालिद म्हणाले, तारीख आपल्या हातची आहे तर चार दिवस पुष्कळ झाले.